महाराज, महाराज, किती वाजले?

पाट्या लिहायची खोड रविंद्रला वडिलांकडून आली होती, आणि ती आपल्यात अजिबात नाही असं तो चाळिशीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. त्याचे वडील प्रकाशराव बिबवेवाडीतल्या एका सोसायटीचे वर्षानुवर्षं सेक्रेटरी होते. जिन्याखालच्या फळ्यावर खडूने कोणाला तरी टोमणा हाणल्याशिवाय त्यांना सकाळचा चहा गोड लागत नसे. 'चपला दाराबाहेर काढाव्यात, पण आमच्या दाराबाहेर नव्हे,' असल्या त्या पाट्या. एकदा गॅलरीच्या कठड्यावर गोधडी वाळत घातली म्हणून त्यांनी स्वतःच्या बायकोचं नाव फळ्यावर लिहिलं होतं. शाळेतून येताना रविंद्र मान खाली घालून त्या फळ्यासमोरून पळायचा. पुढे शिकून-सवरून तो आयर्लंडला आला, डब्लिनमध्ये ग्रँड कॅनाल डॉकच्या एका ऑफिसात काही वर्षं काढली, मग शॅननला नोकरी धरली आणि गेल्या हिवाळ्यात क्लेअर परगण्यातल्या एनिस गावाच्या कडेला एका वसाहतीत घर घेतलं. त्या फळ्यापासून आपण सातासमुद्रापार निसटलो, असं त्याला मनापासून वाटत होतं.

निसटतोय कसला. वसंतात रहिवाशांची वार्षिक सभा भरली. अध्यक्षा होती मॉरीन नावाची एक हसतमुख बाई. सेक्रेटरी कोण होणार, असं तिने विचारल्याबरोबर सगळे आयरिश शेजारी आपापल्या बुटांकडे बघायला लागले. रविंद्रने हात वर केला तो पार्किंगबद्दल प्रश्न विचारायला. मॉरीन म्हणाली, "लव्हली," टाळ्या झाल्या, बिस्किटं फिरली आणि सभा संपली.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "काय करणार, गळ्यात पडलं."

मेधा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. नमुना बघून निदान करायचं, हा तिचा रोजचा धंदा. ती म्हणाली, "गळ्यात पडलंय म्हणतोस, आणि चेहरा तर बाशिंग बांधल्यासारखा झालाय."

वसाहतीच्या मधोमध एक हिरवळ होती. कोणाचा तरी फुटबॉल तिथून उडून रविंद्रच्या कुंड्यांत पडला आणि पहिली पाटी जन्माला आली. नीट छापलेली, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली, लाकडी खांबावर ठोकलेली. इंग्रजीत होती, पण वळण अस्सल बिबवेवाडीचं: 'या हिरवळीवर चेंडूचे खेळ खेळू नयेत. चेंडूला खिडकी दिसत नाही, खिडकीला मात्र चेंडू दिसतो.' मॉरीनने ती दोनदा वाचली आणि "ग्रँड" म्हणाली. तिकडे ग्रँड म्हणजे 'बरं, असू दे, मला चहाला जायचंय' इतकंच असतं. रविंद्रला ती शाबासकी वाटली.

पाटी वाचायला सगळ्यात आधी आली ती नऊ नंबरच्या घरातली नेवेंका. ही बाई क्रोएशियाच्या पूर्वेकडच्या सपाट मुलखातली. साठी ओलांडलेली, ठेंगणी, भक्कम, आणि दंडावर कायम पिठाचा एखादा डाग. मुलगी-जावई आधी एनिसला आले, मग नात सांभाळायला त्यांनी हिला बोलावून घेतलं. सकाळी ती गावातल्या एका हॉटेलात न्याहारीच्या स्वयंपाकाला जायची आणि दुपारी परत यायची. जुलैची सुट्टी लागली की नात इवा आणि तिच्या जोडीने वसाहतीतली सगळी पोरं हिच्या ताब्यात असायची. पोरांकडे कोणीतरी बघत असेल, असं प्रत्येक आईबापाला वाटायचं. ते कोणीतरी म्हणजे नेवेंका. तिच्या इंग्रजीत क्रियापदं कमी आणि हातवारे जास्त होते, पण तिचं अडत कुठेच नव्हतं.

कमरेवर हात ठेवून तिने पाटी वाचली आणि रविंद्रला विचारलं, "बॉल नाही?"

"नाही."

"फक्त बॉल नाही?"

"फक्त बॉल."

"गुड," असं म्हणून तिने त्याच्याशी हस्तांदोलन केलं. चला, निदान एक तरी समजूतदार शेजारीण आहे, असं वाटून रविंद्र खूश झाला.

दुसऱ्या दिवशी हिरवळीवर काळी राणी अवतरली. खेळ साधा आहे. एकाने राणी व्हायचं आणि लांब टोकाला सगळ्यांकडे पाठ करून उभं राहायचं. बाकीच्यांनी दुसऱ्या टोकाला ओळ धरायची. राणी म्हणते, "काळी राणी, एक, दोन, तीन." ती बोलत असेपर्यंत पुढे पळायचं. तीन म्हणताच ती गर्रकन वळते, आणि त्या क्षणी जो हलताना दिसेल त्याची रवानगी परत ओळीत. जो राणीला पहिल्यांदा शिवेल तो पुढची राणी. नेवेंका लहानपणी हे खेळली होती, तिची मुलगी खेळली होती, आणि आता एनिसची पोरं 'मी हललोच नाही' यावरून गळे काढून भांडत होती.

रविंद्रने दुसरी पाटी ठोकली: 'मुलं सगळ्यांचीच लाडकी असतात. त्यांचा आवाज असेलच असं नाही.'

नेवेंकाने तीही शांतपणे वाचली. त्या दिवशी रविंद्र घरूनच काम करत होता. खिडकीजवळ बसून ऑफिसच्या मीटिंगमध्ये काहीतरी समजावून सांगता सांगता त्याने सहज बाहेर बघितलं, तर वसाहतीतली यच्चयावत पोरं त्याच्या घराच्या दिशेने सरकत येत होती. चिडीचूप. त्याने बघितलं की सगळी थिजायची, कोणी एका पायावर, कोणी हात हवेत ठेवून. नजर स्क्रीनवर वळवली की पुढे यायची. राणीला नेवेंकाने त्याच्याच खिडकीखाली उभं केलं होतं. तोंडाने न मोजता राणी पाठीमागे हात धरून बोटांनी एक, दोन, तीन करत होती. रविंद्रचं वाक्य असं काही भरकटलं की डब्लिनहून कोणीतरी विचारलं, "आर यू ग्रँड?"

मग पोरांनी फुटपाथवर खडूने चौकोन आखले. नेवेंका त्याला श्कोलित्सा म्हणायची, म्हणजे छोटी शाळा. एका चौकोनात खापरी टाकायची, एका पायावर उड्या मारत जायचं, रेघेवर पाय न पडू देता खापरी उचलायची आणि परत यायचं. पहिली इयत्ता पास झाली की दुसरी. आपली ठिकरीच म्हणा ना. रविंद्रने लिहिलं: 'फुटपाथ चालण्यासाठी आहे, चित्रकलेसाठी नाही.' दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या फाटक्या टेबलक्लॉथच्या पट्ट्या घेऊन नेवेंकाने गवतावर चौकोन मांडले आणि संध्याकाळी गुंडाळून घरी नेले.

"फुटपाथ मोकळा," ती जाता जाता म्हणाली. नाकावर टिच्चून म्हणतात ते असं.

आता यात हसू येण्यासारखं नव्हतं ते एकच. रविंद्रची मुलगी ज्ञानदा आठ वर्षांची होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तरं मात्र इंग्रजीत यायची, तीही आता डब्लिनचा हेल सोडून क्लेअरच्या हेलात. पण तो हेल ऐकायला कोणी हवं ना. ती बाहेर गेली की खेळ थांबायचा. एकदा तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, "शी'ल टेल युवर मॅन." युवर मॅन म्हणजे तो, पाटीवाला, तिचा बाप. तेव्हापासून ती जिन्यातल्या खिडकीत गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि खेळ बघायची. विचारलं की म्हणायची, "आय अ‍ॅम ग्रँड."

मेधाने एकदा रविंद्रला तोंडावर सांगितलं. "तुझी एक पाटी लागली की हिला खेळात घेणारं एक पोर कमी होतं. सप्टेंबरमध्ये हीच पोरं हिच्या वर्गात असणार आहेत. सुट्टी अशीच गेली तर ती डबा एकटीच खाईल, वर्षभर. तुला चालेल?"

रविंद्रला ते चालणार नव्हतं. डब्लिन सोडताना ज्ञानदा जी रडली होती, ते तो विसरला नव्हता. तो म्हणाला, "मी सांगतो पोरांना, हिला खेळायला घ्या म्हणून."

"हो, तशी पाटीच लाव," मेधा म्हणाली आणि कुकर उघडायला निघून गेली.

पुढच्या आठवड्यात नेवेंकाने क्लिस नावाचा खेळ काढला. एका पोराच्या मोडक्या हर्लीचा दांडा तिच्या जावयाने कापून दिला होता, आणि एक वीतभर तुकडा दोन्ही टोकांना तासला होता. हर्ली म्हणजे तिकडच्या हर्लिंगच्या खेळातली काठी. क्लेअरमध्ये घरटी एक तरी मोडकी सापडतेच. हिरवळीच्या कोपऱ्यात तिने खड्डा उकरला. रविंद्र तावातावाने बाहेर आला आणि तोंडात मारल्यासारखा उभा राहिला.

नेवेंका पोरांना सांगत होती. छोटा तुकडा खड्ड्यावर आडवा ठेवायचा, काठीने खालून उडवायचा. समोरच्यांनी झेलला तर बाद. नाही झेलला तर काठी खड्ड्यावर आडवी ठेवायची, आणि समोरच्याने तुकडा फेकून तिला मारायचं. नेम लागला तरी बाद. नेम चुकला तर काठीवाल्याने तुकड्याच्या टोकावर टिचकी मारून तो उडवायचा, हवेतच सणसणीत टोला हाणायचा आणि जिथे पडेल तिथपर्यंतचं अंतर काठीने मोजायचं.

विटी-दांडू. शाळेमागच्या मोकळ्या जागेत, दप्तरं भिंतीला लावून, अंधार पडेपर्यंत खेळलेला. वकट, लेंड, मुंड, नाल हे मोजणं त्याच्या ओठांपर्यंत आपसूक आलं.

"तुम्ही दांडू चुकीचा धरलाय," तो म्हणाला.

नेवेंकाने दांडू त्याच्या हातात दिला. हात शिवशिवले. पोरं बघत होती. जिन्यातल्या खिडकीला नाक लावून ज्ञानदा बघत होती. त्याने दांडू तोलला, विटीचं टोक बोटाने चाचपलं, आणि मग त्याच्यातला सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाला, "टोकदार आहे. कोणाचा तरी डोळा जाईल." आता हे खरं होतं, त्याच्या सगळ्या हरकतींमध्ये शहाणपणाची म्हणावी अशी तेवढी एकच. नेवेंकानेही ते मानलं आणि विटी-दांडू त्याच्याच ताब्यात राहू दिले. खिडकीतलं नाक काचेपासून दूर झालेलं तेवढं रविंद्रने बघितलं.

ते दोन लाकडाचे तुकडे त्याने स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे आपल्या कपाटात, तांदळाच्या पिशवीमागे ठेवले. पण ते तिथे असेपर्यंत त्याला चैन पडत नव्हतं. आयर्लंडच्या उन्हाळ्यात पहाट लवकर होते. एका पहाटे पायात चपला सरकवून, विटी-दांडू घेऊन तो हळूच बाहेर पडला. वसाहत झोपलेली होती. त्याने विटी खड्ड्यावर ठेवली. पहिला टोला हवेत गेला. दुसरा गवतात. मग विटी अशी छान उडाली, गिरक्या घेत डोळ्यांसमोर आली, आणि त्याने सगळी चाळिशी पणाला लावून टोला हाणला. विटी थेट जाऊन 'चेंडूचे खेळ खेळू नयेत' या पाटीवर आदळली आणि तिचा एक कोपरा उडवून खाली पडली.

रविंद्रने इकडेतिकडे बघितलं. नऊ नंबरच्या फाटकाशी, हॉटेलचा एप्रन घालून, नेवेंका गाडीची वाट बघत उभी होती. तिने भुवया जराशा वर केल्या. गाडी आली, ती बसून निघून गेली.

दिवसभर रविंद्रला घास गोड लागला नाही. संध्याकाळी बेल वाजली. हातात आलुबुखारच्या जॅमची बाटली घेऊन नेवेंका दारात उभी.

"मी बघितलं," ती म्हणाली.

"कोणाला सांगू नका, प्लीज."

"मी? नाही सांगत. पण उद्या तू खेळायला येतो. मुलगी पण येते."

"काय खेळणार? चेंडू नाही, आरडाओरडा नाही, काठी नाही."

"काही नको. एक महाराज पाहिजे फक्त." तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तू महाराज चांगला होशील."

मुलगी पण येते, एवढं ऐकूनच रविंद्र कबूल झाला होता. महाराज हे वरचं बक्षीस होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिरवळीच्या एका टोकाला रविंद्र पाठ करून उभा राहिला. दुसऱ्या टोकाला पाटीच्या थोडं पुढे पोरांची ओळ, आणि ओळीच्या शेवटी, बाकीच्यांपासून वीतभर लांब, ज्ञानदा. नेवेंकाने नियम सांगितले. एकेकाने विचारायचं, "महाराज, महाराज, किती वाजले?" महाराजांनी आकडा सांगायचा आणि एखादं जनावर सांगायचं. दोन वाजले, सिंहाचे, म्हणजे दोन लांब ढांगा. पाच वाजले, मुंगीचे, म्हणजे पाचदा टाचेला अंगठा लावत पुढे. बेडकाच्या उड्या. आणि खेकड्याचे वाजले तर तेवढी पावलं मागे. जो महाराजांपर्यंत पोचून पाठीला शिवेल तो नवा महाराज. आणि काही झालं तरी महाराजांनी वळून बघायचं नाही.

रविंद्रला हा खेळ आवडला. आवडणारच, एकेकाने यायचं, परवानगी मागायची आणि त्याने ती मोजून द्यायची. इवाने विचारलं, तिला बेडकाच्या तीन उड्या. कॉनर नावाच्या लालबुंद पोराने विचारलं, त्याला सिंहाची दोन. त्याच्या मते वाटप अगदी चोख चाललं होतं. मग मागून ओळखीचा आवाज आला. "महाराज, महाराज, किती वाजले?"

रविंद्रच्या मनात सिंहच आला होता. दहा सिंह आले होते. पण स्वतःच्या मुलीला सिंह दिले तर पोरं काय म्हणतील? वशिला म्हणतील. सेक्रेटरीने आपल्या माणसाला झुकतं माप द्यायचं नसतं. ज्या माणसाने गोधडीपायी बायकोचं नाव फळ्यावर लिहिलं, त्याचा हा मुलगा.

"तीन वाजले," तो म्हणाला, "खेकड्याचे."

पुढच्या फेरीत पुन्हा खेकडा. त्याच्या पुढच्या फेरीत मुंगी द्यावी असं त्याने ठरवलं होतं, पण ऐन वेळी तत्त्व आडवं आलं आणि परत खेकडाच निघाला. बाकीची पोरं अर्ध्यावर पोचली होती. ज्ञानदा मागे मागे जात पार कुंपणाच्या झुडपांजवळ पोचली. दारात उभ्या असलेल्या मेधाने कपाळावर हात मारून घेतला.

इवा हळूच म्हणाली, "ही इज मीनर टु हर दॅन टु अस," म्हणजे आपल्यापेक्षा हिलाच जास्त छळतोय. कॉनरने मागे वळून ज्ञानदाकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट. तिचे डोळे भरले नव्हते. ती रागाने लाल झाली होती, आणि तो राग सगळ्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता. महिनाभर तो त्यांनाही पाटीवाल्याचाच आला होता.

"महाराज, महाराज, किती वाजले?" कॉनरने विचारलं.

"चार, सिंहाचे."

कॉनर जागचा हलला नाही. त्याने ज्ञानदाला खूण केली, आणि चार ढांगा तिने टाकल्या. इवाच्या बेडूकउड्याही तिनेच मारल्या. मग जो विचारेल त्याची पावलं ज्ञानदाची, असं ठरूनच गेलं, आणि एकेक पोर तोंडावर हात दाबून तिला वाट करून देऊ लागलं. मागे काहीतरी शिजतंय, हे रविंद्रला कळलं.

"नियमाने चाललंय ना?" त्याने विचारलं.

"महाराज वळत नाही," नेवेंका म्हणाली. ती आभाळाकडे बघत होती. पाऊस येईल का, याची तिला अचानक फार काळजी वाटू लागली होती.

पाठीत सणसणीत चापट बसली. रविंद्र वळला तर समोर ज्ञानदा, धापा टाकत, आणि तिच्याभोवती वसाहतीतली सगळी पोरं, आपणच जिंकल्यासारखी नाचत. कोणाचा तरी हात तिच्या खांद्यावर होता.

"माय टर्न," ती म्हणाली.

रविंद्र निमूटपणे ओळीत जाऊन उभा राहिला, कॉनरच्या शेजारी. नवीन महाराजांनी पाठ केली आणि राज्य सुरू झालं. इवाला सिंह मिळाले, कॉनरला बेडूक. रविंद्रची पाळी आली.

"महाराज, महाराज, किती वाजले?"

"ट्वेल्व्ह," महाराज म्हणाले. "क्रॅब."

पोरं गवतावर लोळायची बाकी राहिली. रविंद्र एकेक पाऊल मागे टाकत गेला, आणि बारा व्हायच्या आत त्याची पाठ टणकन खांबाला लागली. कोपरा उडालेली पाटी त्याच्या डोक्यावर होती.

"ज्ञानदा," तो ओरडून म्हणाला, "मागे जागाच नाही. पाटी आडवी येतेय."

ज्ञानदा वळली नाही, महाराज वळत नाहीत. एरवी ती मराठीत उत्तर द्यायची नाही, घरातही. आता बोलली, क्लेअरच्या हेलात, सगळ्या हिरवळीला ऐकू जाईल अशी.

"मग काढ ना ती."

पोरांना शब्द कळला नाही, पण सगळी खांबाकडे बघायला लागली. आठवडाभर पाऊस झाला होता, माती भुसभुशीत होती. रविंद्रने दोन्ही हातांनी खांब हलवला, उपटला, पाटीसकट काखेत मारला आणि राहिलेली खेकड्याची पावलं मोजून मागे टाकली.